रस्ता सांगणारं यंत्र घ्यावं का

पप्पा, गाडीत लावायचं रस्ता सांगणारं यंत्र घ्यावं की नाही, हे मी सध्या ठरवतेय. तुमचा सल्ला मागत नाही, नुसतं कळवतेय. अंधेरीच्या दुकानदारानं ते दोन दिवस वापरून बघायला दिलंय. "मॅडम, स्वस्तातलं घेतलंत तर लगेच वाट लागेल, आणि महागातलं तुम्हाला काय करायचंय? हे मधलं घ्या ना," म्हणाला. फोनवर नकाशा दिसतो हे मलाही माहीत आहे. पण उन्हात काचेपाशी ठेवला की फोन तापतो, आणि नेमकं वळण आलं की कुणाचा तरी कॉल येऊन नकाशा झाकतो. या यंत्राचा पडदा उन्हातही स्वच्छ दिसतो. मात्र पुलाजवळ आलं की आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे त्याला समजत नाही, आणि नावांचे उच्चार असे करतं की घाटकोपर परदेशात आहे असं वाटावं. किमतीच्या मानानं ठीक आहे, इतकंच म्हणेन. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी नेऊन दुकानदाराच्या तोंडावर फेकलं असतंत. दुसऱ्याला रस्ता विचारणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं, आणि सांगणारी बाई असली तर बोलायलाच नको. या यंत्रात बाईच बोलते.

मला रस्ते येत नाहीत म्हणून लोक हसतात. सगळा जन्म मुलुंडात गेला आणि मी भांडुपला चुकते. त्यांना काय सांगू? तुमच्या गाडीत खिडकीबाहेर बघून "पप्पा, आपण इथून तर मघाशीच..." एवढं म्हटलं तरी आरशातून तुमचे डोळे माझ्यावर यायचे. शेवटी मी बाहेर बघणंच सोडून दिलं.

ट्रॉम्बेहून मामाचा फोन आला तो रविवार घ्या. आजोबा, म्हणजे आईचे वडील, सकाळपासून तिचं नाव घेत होते. आई पुढच्या सीटवर बसलीय, मांडीवर डबा, डब्यात आजोबांसाठी मऊ पेज. घाटकोपर आल्यावर ती हळूच म्हणते, "अहो, इथून डावीकडे घ्या ना, मानखुर्दवरून लवकर पोचू." तिच्या माहेरचा रस्ता, तिला नाही तर कुणाला माहीत असणार? "तू गप्प बस. गाडी कोण चालवतंय?" तुम्ही म्हणता, आणि मुद्दाम सरळ नेता. मग चेंबूरच्या गल्ल्यांमध्ये आपण गोल गोल फिरतोय. पानवाला हाताच्या अंतरावर उभा आहे, पण तुम्ही काच खाली करत नाही. आई पुन्हा तोंड उघडत नाही. मामाच्या दारात पोचलो तेव्हा आजोबा गेले होते, त्यांना खाली घेऊन ठेवलं होतं. "ट्रॅफिक लागला हो," तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि आईनं मान हलवली. पेज घरी परत आली, तिनंच ती मोरीत ओतली. त्या दिवसाबद्दल तुम्ही मरेपर्यंत एक शब्दही काढला नाहीत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती माझ्या गाडीत मागेच बसते, पर्स पोटाशी धरून. मेट्रोच्या कामाचे पत्रे लावल्यामुळे मोठा रस्ता तुंबला होता, आणि यंत्र आपलं सरळ जा, सरळ जा म्हणत होतं. मी त्याचा आवाज बंद केला. "आई, तू सांग ना, कुठून जाऊ?" ती पुढे सरकून खिडकीबाहेर बघू लागली. मग म्हणाली, "त्या औषधाच्या कंपनीच्या गेटवरून आत घे. मागून रस्ता निघतो, मला पक्कं माहितीये." असं ठासून बोलताना मी तिला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून काही न विचारता वळले. आत कंपनी कुठली असायला? टॉवर उभे, रस्त्यावर आडवा दांडा, आणि वॉचमन हात हलवत आला. "मॅडम, आगे रास्ता नहीं है. सोसायटी है अब." यंत्र मुकाट्यानं दुसरा रस्ता शोधू लागलं. ते चिडत नाही, टोमणे मारत नाही. पुलांचं काही का असेना, या एका गुणासाठी त्याचे पैसे वसूल आहेत. गाडी मागे घ्यायला मी आरशात पाहिलं तर आई अंग चोरून बसली होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "रागावलीस?"

"नाही गं," मी म्हटलं. ते खोटं होतं. रस्ता कोणाचाही चुकतो, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गाडी माझी, चालवतेय मी, तरी ती बिचारी अजून तुमच्याच गाडीत बसलेली, हे बघून माझं डोकं फिरलं. आणि पप्पा, तेव्हा मला तुमचा राग आला नाही, तिचा आला. अजून उतरलेला नाही. यंत्र मी घेणार आहे. हे पत्र फाडून टाकीन. तुमच्यावर रागावणं सोपं होतं, आणि तिच्यावर रागावलेय हे तिला सांगायची मला हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.