उभी राहिलेली पँट

ती. आईस,
आम्हा चौघांचा इथूनच वाकून नमस्कार.

सगळे मजेत आहोत. घर उबदार आहे, काळजी करू नकोस. परवा सवयीने कपडे गॅलरीत वाळत घातले, तर गारठून लाकूड झाले! यांची पँट भिंतीला टेकवली, तर आपली उभीच. धाकटी तिलाच म्हणते, "बाबा, चल ना!" हसून हसून पुरेवाट झाली.

थंडीत बांधकाम बंद, म्हणून हे घरीच असतात. बर्फ वितळला की बोलावतो, असं मुकादम म्हणालाय. तरी रोज सकाळी कामाचे बूट चढवून दाराशी बसतात आणि मग काढून ठेवतात. मी बघितलंच नाही असं दाखवते.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना पत्र वाचून दाखवशील तेव्हा बुटांचं तेवढं गाळ. जावयाच्या कामाचं विचारलंच, तर पँटची गोष्ट पुन्हा सांग.

तुझी थोरली