‘पाहूनच’ ठेवायचं की काढायचं

सोम., ३ फेब्रु.
अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात माझी सिस्टीम चालू होऊन आज सहा वर्षं झाली. कोणाच्या लक्षात असायचं कारण नाही. मीच डब्यातून शिरा नेला. अर्धा मढवीकाकांना. काका इथले कलर मास्टर. दहावी नापास, पण तीस वर्षं पिंपात नुसतं डोकावून शेड सांगतात. लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेवर मॅक्रो रचून रचून मी त्यांच्यासाठी एक छोटी भाषा केली, म्हणून ते मशीनला मराठीत हुकूम देतात. (सोड निळा २) लिहिलं की दोन लिटर निळा पिंपात. मिटलेले कंस बोटाने मोजतात. हे मी केलंय. कोणी विचारत नाही, निदान इथे तरी लिहून ठेवते.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नवी मुलगी रुजू झाली. निशा, उल्हासनगर चार नंबर. मार्चपासून सिस्टीम तिच्याकडे, मी दुसऱ्या कामावर. काका २८ला रिटायर. म्हणजे आम्ही दोघंही जाणार. शिरा गोड लागला नाही नंतर.

बुध., ५
नि.ने माझं सगळं दोन दिवसांत वाचून काढलं. सगळं! “मॅडम, बत्तीस मॅक्रो? इसमें से कितने को सच में मॅक्रो होना जरूरी आहे?”

रागच आला. आपला तो बाब्या.

तिचं म्हणणं असं की फंक्शन आधी हातातलं काम उरकतं, उत्तर घेतं, मग पुढे जातं. मॅक्रो तुमचा हुकूम न करता तसाच उचलतो आणि पाहिजे तिथे नेऊन चिकटवतो. कुठे चिकटवला, ते वाचणाऱ्याला दिसत नाही. हे मी तिच्या वयाची असताना दुसऱ्यांना समजावायचे. मलाच शिकवते! घरी जाताना लोकलमध्ये बदलापूर येईपर्यंत मनात तिच्याशी भांडले.

शुक्र., ७
पिंप वाया गेलं. आकाशी हवा होता, निघाला शाळेच्या युनिफॉर्मसारखा गडद निळा.

माझा ‘मापात’ नावाचा मॅक्रो. पाच लिटरच्या वर रंग गेला तर गजर, नाहीतर नोंद. त्यात आजवर नुसता आकडा यायचा. आज काकांनी तिथे सोडायचा हुकूमच लिहिला. मॅक्रोने तो उचलला आणि दोन जागी चिकटवला. एकदा तपासताना, एकदा नोंद करताना. दोन लिटर दोनदा गेला. प्रत्येक वेळी दोनच, म्हणून गजरही झाला नाही. सहा वर्षं ही चूक माझ्या कोडच्या पोटात दबा धरून बसलेली.

लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी काका पिंपात बघून म्हणाले, “ह्यात निला डबल गेलाय.”

कारखान्याचे सिंधी शेठ, काकांना: “साईं, ग़लती मशीन की या आपकी?”
मी: “मेरी.”
शब्द पटकन निघाला याचा अभिमान वाटला, मग त्या अभिमानाची लाज वाटली. नि. ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळ., ११
नि. आणि मी मिळून मॅक्रो काढतोय. ‘मापात’ आता तीन ओळींचं फंक्शन. रंग एकदाच सोडतं, मग मोजतं. संध्याकाळपर्यंत एकतीस गेले. फाइल निम्मी झाली.

काकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी दिवसभर नेहमीसारखंच लिहिलं, सगळं चाललं. त्यांना काही कळलंच नाही! म्हणजे त्यांच्या मराठीसाठी मॅक्रो लागतातच, ही माझी सहा वर्षांची फुशारकी पोकळ होती. साध्या फंक्शननेही भागत होतं. दुपारी मनाला खूप लागलं. पण घरी येऊन परत वाचलं तर कोड स्वच्छ, कोणीही वाचावं असं. असं काढून टाकायलाही यावं लागतं. ते मला आलं.

शुक्र., १४
उरला एक. ‘पाहूनच’. हा काकांचा स्वतःचा नियम, मी फक्त भाषेत घातला. काळा फार जपून वापरायचा, म्हणून (पाहूनच (सोड काळा १)) लिहिलं की मशीन थांबतं, पडद्यावर ‘पाहिलं का?’ येतं. काकांनी पिंपात बघून बटण दाबलं की मगच काळा सुटतो.

नि.ने त्याचंही फंक्शन केलं. पाण्यावर चाचणी. लिटरभर पाणी धो धो पडलं आणि मग पडद्यावर नम्रपणे ‘पाहिलं का?’

काका: “काय गो पोरी, आधी वतलास आनि मंग इचारतस?”

हसून हसून पुरेवाट. बरोबरच आहे. फंक्शन आधी काम उरकणार. नि.चा उपाय: हुकूम एका रिकाम्या कंसासकट गुंडाळून द्यायचा, म्हणजे तो सांगितल्याशिवाय चालणार नाही. काकांनी तीनदा लिहून पाहिलं. दोनदा गुंडाळायचं विसरले. तिसऱ्यांदा जमलं. चष्मा काढून म्हणाले, “व्हतंय. पन ह्यो रिकामा कंस कला?”

ह्या ‘कशाला’चं एका वाक्यात उत्तर द्यायला आम्हा दोघींपैकी एकीलाही जमलं नाही. नि.ने स्वतःच्या हाताने मॅक्रो परत घातला. वर शेरा: ‘काकांसाठी.’ पोरगी चांगली आहे. माझ्याहून चांगली होईल.

शुक्र., २८
काकांचा शेवटचा दिवस. नारळ, शाल, शेठचं भाषण. काकांचं लक्ष मशीनकडे. त्यांच्या जागी येणारी मीनल, शहाडची, डिप्लोमा झालेली, महिनाभर त्यांच्याच हाताखाली होती. तिला बाजूला बसवून शेवटची बॅच स्वतः लिहिली. राखाडी, सगळ्यात अवघड. सात ओळी, त्यात एक ‘पाहूनच’. पहिल्याच फटक्यात पास.

जाताना मला म्हणाले, “तुजी भाषा मना समजली बग.”

शिकवणाऱ्या सरांची शाबासकी, प्रमोशन, सगळं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. गेटपर्यंत सोडायला गेले.

सोम., १० मार्च
नि.ने माझ्या मंजुरीला पाठवलंय (हा महिना सही अजून माझीच): ‘पाहूनच’ मॅक्रो काढायचा. कारण: ज्यांच्यासाठी ठेवला ते गेले. मीनलला गुंडाळून लिहिणं येतं. एकाच मॅक्रोसाठी वेगळा नियम कशाला? प्रत्येक मुद्दा खरा. मी तिच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

मंजूर म्हणायच्या आधी कारखान्यात जाऊन आले. मीनल काकांच्या खुर्चीवर. आकाशीची बॅच, साधं ‘सोड’. पडद्यावर काही विचारायचा प्रश्नच नव्हता. तिने ओळ लिहिली, कंस बोटाने मोजले, आणि चालू करायच्या आधी उठून पिंपात वाकून बघितलं. मग बटण.

ते बघून मॅक्रोची गरज नाही असं वाटलं. आणि तो काढू नये असंही तेवढंच वाटलं. पुढे मीनलच्या जागी येणाऱ्याला हे वाकून बघणं कोण सांगणार?

नि.चा मेसेज आला: “मॅडम, बदल मर्ज करू?”
लिहिलं: उद्या तू पण कारखान्यात ये. दोघी बघू. मगच.