दृष्टीचं मीठ

ती. आईस, लुधियान्याहून आरोहीचा नमस्कार.

मी बरी आहे. अण्णांचा गुडघा दुखतो का अजून?

उन्हात अन्न करताना पानाला मिठातलं क्लोराईड लागतं, असं मी गेल्या पत्रात लिहिलं. अगं, लागतं ते कणभर, अन् मातीतनंच मिळतं!

धाकटी सांगत होती, दृष्ट काढलेलं मीठ तू आता चुलीत न टाकता रोज मूठभर द्राक्षांच्या बुडाशी टाकतेस. पानांच्या कडा करपल्या, तर म्हणालीस, "दृष्ट लई कडक हाय," अन् मूठ वाढवलीस.

मिठानंच पानं करपतायत, थांबव, असं फोनवर विनवलं, तर म्हणालीस, "तूच लिव्हलंयस, ते काय खोटं?" म्हणून लिहूनच पाठवतेय. पत्र पोचायला आठ दिवस लागतील. तोवर आठ मुठी पडतील.

चुलीत मीठ तडतडतं तरी, आई. मातीत ते आवाज करत नाही.

तुझीच,
आरोही