हबीबसेठच्या दुकानातलं पाणी

लिहून ठेवणार फकिरा वल्द सखाराम, जात शिंपी, धंदा बाजारातल्या वह्या तपासायचा, मूळ गाव करमाड, राहणार औरंगपुरा, वय साठीच्या पुढं. डोकं ठिकाणावर आहे. पाय आन् पोट सुजलंय, पण त्याचा डोक्याशी संबंध नाय. हकीमसाहेबांनी खाली तशी सही दिलीय. कुणी धमकावलं नाय, फूस लावली नाय. आधी वकिलाकडून कागद लिहून आणला व्हता. त्यात पानभर नुसता देव आन् नाशिवंत देह. फाडला. हे माझ्या हातचं आहे. शाळा तिसरीपतुर, अक्षरात चुका निघतील. मतलबात निघणार नायत.

कलम पहिलं. औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्या, मागची न्हाणी, आडाच्या पाण्याचा वाटा, सगळं माझी लेक चतुराबाई हिचं. नवरा गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. बापाच्या घरात राहती असं तिला कुणी म्हणायचं नाय. हितून पुढं घर तिचं. ट्रंकेतले निजामाचे हाली रुपये आन् तिच्या आईच्या पाटल्या तिच्याच. किल्ली कुठं आहे ते तिला ठाऊक. कागदावर लिहायला मी येडा नाय.

कलम दुसरं. करमाडच्या रानातला माझा निम्मा वाटा धाकटा भाऊ बद्रीनाथ खातो. का, ते खाली येतंय. चतुरानं त्यापायी कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत. रान वकील खातील, हिला बांधबी दिसणार नाय. खाऊ द्या त्याला.

कलम तिसरं. चष्मा, टाक, दौत, लिहायचं उतरतं डेस्क आन् छत्री बहिणीचा पोरगा रामकिसन याला. तो आता बाप्या माणूस आहे, कामाला पक्का, तोंडाला जरा सैल. माझी घरंबी त्यालाच. ज्या दुकानांच्या वह्या मी तपासल्या त्यांना मी कधी गिऱ्हाईक म्हणलो नाय, घरं म्हणलो. घरं लिहून देता येत नायत, हे मला कळतं. तुला राखता आली तर राहतील.

रामकिसन, राखायची कशी ते ऐक. वही उघडायच्या आधी मालकाच्या घरात कोण आजारी आहे ते विचार. चूक सापडली तर नोकरासमोर तोंड उघडू नको. निघताना पायताण घालता घालता मालकाला एकट्याला सांग. लग्नाला नाय गेलास तरी चालंल, मयतीला गेलंच पायजे. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी न्यायची नाय, गंमतीतबी नाय. आन् सही व्हईपतुर त्या घरचं पाणी प्यायचं नाय. मालक पेला पुढं ठेवतो, ठेवू दे. वही सरळ निघाली की सही करायची, मंग सगळ्यांदेखत त्याच्या तांब्यातलं पाणी पोटभर प्यायचं. वही वाकडी निघाली तर पेला तसाच भरलेला ठेवून उठायचं. रोज्याच्या महिन्यात मुसलमान घरी सही दिवस मावळता, रोजा सुटायच्या मगरिबच्या टायमाला करायची, म्हंजी मालक आन् तू संगंच पाणी पिता. त्याच्यासारखं नातं दुसरं नाय.

सही वहीत राहती, ती बाजाराला दिसत नाय. पाणी दिसतं. गुलमंडीत लोक विचारायचे, "फकिराभाऊ प्याले का?" प्याले म्हणलं की मालेगावचा व्यापारी उधारीवर माल सोडायचा. मीच सांगत फिरायचो: "तोंडाचं काय खरं नसतं, तोंड इकत मिळतं. घसा खोटं बोलत नाय." त्या बोलण्यावर मी घरं जोडली, आन् तेच बोलणं आता माझ्या नरड्याला आलंय.

कलम चवथं. फडताळात वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेला पितळी पेला आहे, तो बद्रीनाथला परत द्या. त्याची हकिकत अशी. माझं पहिलं मोठं घर करीमसेठचं, गुलमंडीतलं कापडाचं दुकान. वही सरळ निघाली. सही केली आन् त्यांच्या माठातलं पाणी प्यालो. जातीचे पंच बसले. "मुसलमानाचं पाणी प्यालास?" म्हणलं, "वही त्याची सरळ व्हती. नियम काय जात बघून लावू?" बद्रीनाथनं हा पेला पाठवला: आपला पेला संगं ने, पाणीबी घरचं ने, म्हंजी जातीचंबी राहील आन् धंद्याचंबी. मी म्हणलो, पेला माझा, पाणी माझं, मंग साक्ष कुणाची? वाळीत टाकलं. रान तवाच गेलं. सारजा, माझी बायको, तिला भावकीतल्या कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाय, मरेपतुर. पण दुसऱ्या वर्षी बाजारातली निम्मी मुसलमान दुकानं आपल्या पायानं माझ्याकडं आली. पेल्याला माझं तोंड एकदाबी लागलेलं नाय. बद्रीनाथ, तपासून घे.

कलम पाचवं. करीमसेठ गेले. आता दुकान त्यांच्या पोराचं, हबीबचं. मागल्या महिन्यात त्याची वही तपासली. सरळ आहे, धुतल्या कापडासारखी. सही केली. पेला पुढं आला. तवा हकीमसाहेबांनी माझं पाणी तोडून वाटीवर आणलं व्हतं, कारण पोटात आधीच पाणी भरलंय. मी पेला बाजूला सारला आन् टांग्यात बसलो. डोक्यात हकिमाची बोलणी, बाजार ध्यानातच आला नाय. समोरच्या दुकानात बद्रीनाथ बसला व्हता. त्यानं फक्त येवढंच म्हणलं, "पेला भरलेलाच राहिला बघा."

तेवढ्यावर आग लागली. मालेगावचा माल थांबला. ज्यांनी हबीबकडं ठेव ठेवली ते रांगेनं दारात. त्याची बायको जोहरा, तिच्या कानातलं गहाण गेलं. मी रामकिसनला पाठवलं, सांग म्हणलं, हकिमानं पाणी बंद केलंय. लोक हसले. "घसा खोटं बोलत नाय, हे कोण सांगत व्हतं?" रामकिसन म्हणला, "मामाच्या बदली मी पितो." त्याला बद्रीनाथ म्हणतो, "भाचा प्याल्यानं मामाची तहान भागती व्हय?" एक घोट घ्यावा म्हणलं तर जमणार नाय. इतकी वर्षं पुरा तांब्या पिताना बघितलंय लोकांनी. घोटाचा अर्थ ते अर्धी वही असा लावतील.

काल हबीब उशाशी येऊन बसला. म्हणला, "चाचा, दुकान गया तो गया. तुमको कुछ होना नक्को." मी म्हणलं, "तुझ्या बापानं पाणी दिलं म्हणून मी उभा राहिलो. गप बस." रडला. मला रडणारी माणसं आवडत नायत. घरी पाठवला.

हकीम फारूखसाहेबांना विचारलं, पोटभर प्यालो तर? म्हणले, "आठवडा काढलास तर नशीब." न प्यालो तर? म्हणले, "फार तर पंधरा-वीस दिस." म्हंजी तसाबी मी दिवाळीचा दिवा बघत नाय. मंग घासाघीस कशाला.

कलम सहावं, हेच या कागदाचं खरं कारण. उद्या सकाळी बाजार भरला की मी टांग्यानं हबीबच्या दुकानी जाणार आन् त्याच्या माठातलं पाणी पुरा तांब्याभर पिणार. माझ्या मर्जीनं. त्यानंतर मला जे व्हईल त्याचा दोष हबीबवर, त्याच्या माठावर, हकिमावर कुणी टाकायचा नाय. कोतवालीतून कुणी आलं तर हा कागद दाखवा. मुसलमानानं पाण्यात कायतरी कालवलं असं जातीतला कुणी बोलला, तर त्याच्या तोंडावर हे कलम वाचा. मोठ्यानं वाचा.

कलम सातवं. जातीतलं कुणी खांदा द्यायला येणार नाय, बोलवायला जाऊ नका. घरं येतील. लाकडं थोडी लागतील, पोट सोडलं तर माझ्यात काय राहिलं नाय. तेराव्याला जेवण घालू नका. त्या पैशात जोहराचं कानातलं सोडवा.

शेवटचं. सारजानं पैठणहून गोदागंगेचं पाणी गडूत बंद करून आणलं व्हतं, माझ्या अंतकाळासाठी. चतुरा दोन दिस त्यावरनं भांडतीय.

"आबा, आईनं पायी जाऊन आणलंय ते."

"ठाव आहे."

"मंग तेच हबीबभाऊच्या माठात वतते आन् त्यातलं देते. कुणाला कळणार नाय."

"मला कळंल. मंग पाणी त्याचं राहत नाय."

"नियम, नियम! आईला नियमानंच मारलं. आता मला एकटी टाका."

मंग ते कागदावरच लिहितो. मरताना माझ्या तोंडात गंगेचं पाणी घालायचं नाय, तुळशीचं पान नाय, थेंबबी नाय. उद्याच्या तांब्यानंतर माझ्या घशाखाली दुसरं कायबी गेलं तर बाजार त्याचाबी अर्थ लावंल. माझं शेवटचं पाणी हबीबच्या दुकानातलं. गडू तसाच बंद चतुराजवळ राहू द्या, तिच्या वेळंला तिला लागंल. हबीब मला तांब्या द्यायला धजणार नाय. तो चतुरानं द्यावा. हुकूम नाय. इनंती आहे.

मुक्काम औरंगपुरा, औरंगाबाद, तारीख २० आबान १३४४ फसली.
सही: फकिरा सखाराम

साक्षीदार:
हकीम फारूख. (सही उर्दूत. खाली लिहिलंय: "अक्कल जागेवर आहे, माझं ऐकत नाय.")
भागूबाई, शेजारीण. डाव्या हाताचा अंगठा.
रामकिसन वाटेकरी आहे, म्हणून त्याला साक्षीला घेतला नाय. दारात उभा आहे.

सहीखाली चार ओळी जास्त. कागद वाचून दाखवला. चतुरा मंग उठली, माझं धुतलेलं धोतर काढून ठेवलं आन् रामकिसनला म्हणली, "टांगेवाल्याला सांग, उद्या दोघं येणार."