डाव्या हाताची रेघ

धाकटे, तुला आशीर्वाद. गुडघे कसे आहेत ते कळव. जीभ ठीक असणारच. मी बरी आहे, म्हणजे आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेते आणि उरलेले दिवस पाणी मोजून पिते.

सध्या सगळं मानेतल्या नळीवर चाललंय. ती फार दिवस ठेवली तर जंतू थेट रक्तात, म्हणून हातातली शीर धमनीला जोडायची ठरली. मोठ्या डॉक्टरांनी माझे हात बाजारात भाजी चाचपावी तसे चाचपले. डाव्यात काहीच दिसेना. मी उजवा पुढे केला, त्यावर शिरा दोरखंडासारख्या. तरी त्यांनी सोनोग्राफीवाल्या पोरीकडे धाडलं. तिने गार चिकट लावून पडद्यावर पाहिलं, तर उजव्यातल्या शिरा सुया टोचून टोचून आतून बुजलेल्या. (आपल्या थोरल्या वहिनीसारख्या. वरून टम्म, आत काही नाही.) आणि डाव्यात, कोपराच्या वर, खोल, एक सरळ शीर सापडली. इतकी वर्षं माझ्याच हातात राहून मला पत्ता नाही. पोरीने दंडावर पेनाने तिची रेघ ओढली, फाटे फुटतात तिथे फुल्या मारल्या. पुसू नका म्हणाली असेल. मी तेव्हा ते चिकट पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. अंगावर गिरगोटे घेऊन परक्या माणसापुढे निजायचं, हे आईने आपल्याला शिकवलेलं नाही. पहाटे टाचा घासायची वजरी घेऊन बसले. शाई चिवट होती, पण मीही काही कमी नाही.

डॉक्टरांनी विचारलं, रेघ कुठाय? म्हटलं, हात स्वच्छ करून आणलाय. कोणी हसलं नाही. कातडी सोलली होती, तिथे चिरता येईना. ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर गेलं. पोरगी हळूच म्हणाली, "आजी, तुमच्याकडे दुसरी शीर नाही हो." मी तिची माफी मागितली. तारीख लिहून ठेव.

तुझी ताई

ता. क. तोवर डाव्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टाही नाही. पण दवाखान्यात जो येतो तो जवळचा हात धरतो. मुलगा पांढरा कोट दिसला की मान डोलावतो, सून रडते. तू जन्मात कोणाचं ऐकलं नाहीस. ये आणि माझ्या डाव्या अंगाला बस.

आणखी एक. बुधवारी पुन्हा रेघ काढणार आहेत. गुरुवारी पहाटे न्हाणीच्या दारात उभी राहा. वजरी मी फेकलीय, पण कुठे फेकली ते मला ठाऊक आहे.