टॉवेल-टोपी आकाशमार्गे परत

१२ फेब्रुवारी २००६
धाकट्या मेहुणीचं, प्रेरणाचं, साक्षगंध झालं. होणारा जावई रजत, नागपूरला बँकेत. सासऱ्यांनी, म्हणजे वामनरावांनी, त्याला सफारीचं कापड दिलं. मला टॉवेल-टोपी. नऊ वर्षं जुना जावई मी! मारेगावात स्वतःचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान! बायकोला, लीलाला, विचारलं, हा काय प्रकार? म्हणाली, तुमाले मागच्या साली देल्लं होतं ना कापड, अजून शिवलं काहून नाही? मुद्दा तो नाही.
सूड घेणार.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६
ठरलं. लग्न सात मेला. मंगलाष्टकं चालू असताना विमानातून येणार आणि हाच टॉवेल, हीच टोपी वरून सासऱ्यांच्या अंगावर टाकणार. सगळा मांडव वर बघेल.
विमान नाही. बनवू. माझं नाव मारोती आहे, उडणं अवघड जाऊ नये.

२ मार्च
जुन्या व्हॅनचं इंजिन मिळालं. शेजारचा वेल्डर हाफिज सांगाडा करतोय. त्यानं विचारलं, भाऊ, उतराचं कसं? मी म्हटलं, आधी चढू दे. निराशावादी माणूस.
टॉवेल दुकानात समोरच खिळ्याला टांगलाय. रोज बघतो, रक्त उसळतं. हात पुसायला दुसरा ठेवलाय.

२८ मार्च
सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांचा कापूस अजून घरातच. भाव वाढेल म्हणून धरून बसलेत. पार छतापर्यंत. दुपारी त्यावर जरा टेकलो, तर संध्याकाळपर्यंत अंग खाजवत होतो. चारचौघांत सांगितलं, विकून मोकळे व्हा, हा कापूस कोणाच्याच कामाचा नाही. ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले. म्हणजे पटलं.

१९ एप्रिल
धावपट्टीसाठी सपाट जागा एकच, सासऱ्यांच्या घरामागचं पडीत वावर. त्यांनाच मागितलं. कशाला म्हणून विचारलं नाही, उलट ढेकळं फोडून, वखर मारून दिलं. बिचाऱ्यांना कल्पनाच नाही. शत्रूच्या जमिनीवरून शत्रूवर हल्ला!

५ मे
पाहुण्यांना जागा हवी म्हणून सासऱ्यांनी कापूस बाहेर काढून मागच्या अंगणात गंजी घातली. उद्या ट्रायल. विमानाची शेपटी मुद्दाम गंजीकडे ठेवणार. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा कापूस वावरभर उडेल. छोटा सूड उद्या, मोठा परवा.
हाफिज म्हणाला, भाऊ, कापूस इंजिनात जाईन. वेल्डरला इंजिनातलं काय कळतं!

६ मे, वेळ माहीत नाही (घड्याळ फुटलं)
डाव्या हातानं लिहितोय.
विमान उडालं!! पंधरा फूट. हाफिज म्हणतो आठ. मग कार्बुरेटरमध्ये कापूस गेला (हलक्या प्रतीचा असावा), इंजिन खोकलं, बंद पडलं. एक पंख झुकला आणि विमान गर्रकन फिरून परत गंजीतच घुसलं. वळणं माझ्या प्लॅनमध्ये होतंच.
उजवा हात मोडला. बाकी शाबूत. डॉक्टर म्हणाले, खाली कापूस नसता तर उद्या लग्न झालं नसतं.
सगळ्यात आधी सासरे धावत आले. अनवाणी. अर्धी गंजी पेट्रोल-ऑइलनं भिजली, आता ती कोणी घेणार नाही. माझ्या उशाशी बसून रडत होते. कापसासाठी, दुसरं काय.
वरून टाकायचा टॉवेल खिशात होता. त्यांनीच काढला आणि माझा हात गळ्यात बांधला.

७ मे
मंगलाष्टकं झाली. मी मांडवात, खाटेवर. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. तेवढं प्लॅनप्रमाणे झालं.
मग मानपान. रजतला सफारी. हाफिजनं मला ओढून बाहेर काढलं म्हणून हाफिजलाही सफारी! मग सासरे माझ्यापाशी आले. पुन्हा टॉवेल-टोपी. म्हणाले, जवाईबापू, तो टॉवेल हाताले गेला, आंग पुसाले एक लागनच ना. आणि टोपी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घातली. मग माझ्या गळ्यातल्या टॉवेलची गाठ नीट केली.
डावा हात मोकळा होता माझा. टोपी काढून फेकता आली असती.
काढली नाही.