डावीकडचं इंजिन

अहमदी, कुवेत
८ सप्टेंबर १९६३

प्रिय शरीफाआपा,

सलाम. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ते आधी उशीखाली ठेवलं, मग डाळीच्या डब्यात, मग परत उशीखाली. तू एकच गोष्ट विचारली आहेस. ऑक्टोबरच्या बोटीने रियाजची बायको कुवेतला येते आहे, तिच्यासोबत असमाला पाठवायची तयारी करू का? मुलीला तू अजून काही सांगितलेलं नाहीस, माझं उत्तर आलं की सांगणार आहेस. किती सरळ प्रश्न! हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं, दोन ओळींत पत्र संपावं. पण तुझी बहीण लहानपणी तरी कधी सरळ वाटेने विहिरीवर गेली होती का? तेव्हा आधी आमच्या गाडीचं ऐक. उत्तर देईन, याच पत्रात देईन, पण माझ्या चालीने.

हो, आमच्याकडे गाडी आहे. लगेच दाभोळभर सांगत सुटू नकोस. कंपनीतला एक इंग्रज साहेब विलायतेला कायमचा परत गेला, त्याची ही गाडी. हिरवी, बुटकी, बिनटपाची, शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची. साहेबाने भर जुलैत पाणी न बघता ती वाळवंटात पळवली आणि इंजिन तडकवून ठेवलं. असमाच्या अब्बांनी त्याच्या घरचं पाणी थंड करायचं यंत्र दोनदा दुरुस्त केलं होतं, म्हणून जाताना तो ही मेलेली गाडी त्यांना देऊन गेला. रियाजने लॉरीला दोर बांधून ती आमच्या क्वार्टरच्या अंगणात ओढत आणली. त्या सकाळी इतकी धूळ उडत होती की पलीकडची भिंतही दिसत नव्हती. धुळीतून आधी दोर आला, मग दोन गोल दिवे आले, मग गाडी. मला वाटलं, समुद्रातून काहीतरी वर येतंय.

त्यांचं नाव मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे. इथेही सगळे त्यांना असमाचे अब्बा म्हणतात आणि मला असमाची अम्मी. दिवसातून पन्नास वेळा या घरात असमाचं नाव निघतं. शेजारी सुरैया म्हणून नवी मुलगी राहायला आली आहे, ठाण्याकडची. पहिला आठवडाभर ती आमच्याकडे आली की हळू आवाजात बोलायची. तिला वाटत होतं, असमा मागच्या खोलीत झोपलेली आहे. मी तिला लगेच खरं सांगितलं नाही. दोन दिवस मीही हळूच बोलले. बरं वाटलं, आपा, हसू नकोस.

तर इंजिन. जुनं दुरुस्त होण्यातलं नव्हतं. दुसऱ्या मोटारीचं मिळालं असतं, पण आपल्या माणसांची खोड तुला माहीत आहे. खाडीकाठचा माणूस मोटारीच्या इंजिनाला इंजिन म्हणतच नाही. रियाज फहाहीलला एका व्यापाऱ्याच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. ती लाँच खडकावर चढून फुटली, पण तिची दोन्ही इंजिनं धड होती. त्यातलं एक त्याने आणलं आणि अंगणात उतरवून त्यावर असा हात फिरवला की बैलबाजारातला दलाल परवडला. दोघांनी ठरवून टाकलं, मोटारीत बोटीचं इंजिन घालायचं. समुद्राचं पाणी पिणारं हे जनावर रेडिएटरच्या जाळीतल्या घोटभर पाण्यावर राहील का, एवढं मी विचारलं. बायकांना यातलं काय कळतं, असं उत्तर मिळालं.

पण बायकांशिवाय अडलंच. इंजिनाची भोकं आणि गिअरच्या पेटीची भोकं जुळेनात. मध्ये लोखंडाची एक जाड थाळी घालायची होती आणि तिला दोन्हीकडची भोकं पाडायची होती. तीन वेळा मापं घेतली, तीन वेळा चुकली. शेवटी मी खाकी कागद घेतला, दोन्हीकडे दाबून बसवला, काजळाचं बोट फिरवून कडा उठवल्या आणि ब्लाउजचं कापड बेततात तसा साचा कापून दिला. वर्कशॉपमध्ये थाळी त्यावरूनच झाली आणि एका फटक्यात बसली. तेव्हापासून मला या घरात थोडा मान आहे. तीन पाइपांची तिकाटी उभी केली, वर साखळीची कप्पी लावली, आणि चार शुक्रवार ते इंजिन आमच्या अंगणात हवेत लोंबकळत होतं. मी भात वेळता वेळता खिडकीतून बघायची. वाऱ्यावर ते किंचित फिरायचं, आणि मागे लांब बर्गानच्या तेलविहिरींवरच्या गॅसच्या ज्वाळा दिवसाउजेडी फिकट दिसायच्या. कधीकधी मला भान राहायचं नाही आणि भाताचा गिचका व्हायचा.

मार्चमध्ये गाडी चालू झाली. काय आवाज, आपा! खाडीत लाँच शिरल्यासारखा. सगळी चाळ गोळा झाली. असमाचे अब्बा टोपी नीट करून बसले, पहिला गिअर टाकला, आणि गाडी जी मागे सुटली ती माझी कपड्यांची दोरी, सुरैयाच्या दोन चादरी आणि कोंबड्यांचा खुराडा घेऊनच थांबली. चादर डोक्यावर घेऊन ते स्टिअरिंग धरून बसलेले. कोणालाच कळेना काय झालं. रियाजने मात्र कपाळावर हात मारला. दोन इंजिनांच्या लाँचमध्ये एक उजवीकडे फिरतं आणि एक डावीकडे, नाहीतर बोट सरळ चालत नाही. आयुष्य बोटीवर घालवलेल्या या शहाण्याने नेमकं डावीकडचं उचललं होतं. आता आमच्या गाडीला पुढे जायला एक गिअर होता आणि मागे जायला चार. रियाजचं म्हणणं, काय बिघडलं, रिव्हर्समध्येच चालवा, घाई कोणाला आहे?

दोन महिने गाडी तशीच उभी होती. मग एका शुक्रवारी असमाचे अब्बा सकाळी उठले आणि थेट गाडीखाली शिरले. मागच्या चाकांचा अख्खा एक्सल त्यांनी सोडवला आणि तव्यावर सुरमई पलटावी तसा पलटून परत बसवला. उलट्याचं उलट ते सुलट. गाडी पुढे निघाली. गिअरची पेटी अजून कुरकुरते, पण जुन्या सुनेसारखी कामही करते. एकच गोष्ट सरळ झाली नाही. मैल मोजायचं जे घड्याळ असतं ना, ते उलटं फिरतं. वेगाचा काटा शून्याला चिकटून बसलेला, आणि खाली मैलांचे आकडे एक एक करून कमी होत जातात.

परवा शुक्रवारी अस्रच्या नमाजानंतर आम्ही पहिल्यांदा लांब निघालो. अहमदीवरून थेट शहरात, दस्मानपर्यंत. एका बाजूला वाळू, एका बाजूला निळा समुद्र, डोक्यावर टप नाही. मी दुपट्टा दातात धरून त्या आकड्यांकडे बघत बसले होते. अठरा हजार चारशे दहा. चारशे नऊ. चारशे आठ. काटा म्हणत होता आम्ही जागचे हललो नाही, आणि आकडे म्हणत होते आम्ही मागे चाललो आहोत. उन्हाने डोळे जड झाले होते. मला वाटायला लागलं, हे असेच चालवत राहिले तर एकसष्ट साल येईल, मग एकोणसाठ, मग सत्तावन्नचा तो सप्टेंबर, तुझी पडवी, पाळण्याच्या दोरीवर वाळत घातलेलं तिचं झबलं. मी त्यांना म्हणाले, थांबू नका. ते थांबले नाहीत. का ते त्यांनी विचारलंही नाही.

दस्मानला पाण्यापाशी गाडी लावून ते उतरले आणि म्हणाले, तुला एक दाखवायचंय. आमच्या दोन सीटांच्या मागे हातभर जागा आहे. तिच्यावर ताडपत्री होती, मला वाटायचं खाली हत्यारं असतील. त्यांनी ती उचलली. खाली एक छोटीशी बैठक. खाकी कापडाची, कापूस ठासून भरलेली, पुढे धरायला पितळेची दांडी, पडू नये म्हणून पट्टा. दांडी घासून घासून गुळगुळीत केलेली, बोटांना लागू नये म्हणून. कोणाला न सांगता त्यांनी ती कितीतरी दिवस बसून केली होती. मग मी त्या बैठकीवर वीत ठेवून बघितली. एक वीत आणि वर चार बोटं. आपा, ती दोन वर्षांच्या मुलीची बैठक होती.

मी त्यांना विचारलं, माप कुठून घेतलं? त्यांनी आपला डावा हात कोपरात दुमडून दाखवला. इथे बसायची ना, म्हणाले, एवढीच.

मी आधी हसले. मग त्यांना सांगितलं की असमा आठ वर्षांची आहे, तिसरीत आहे, आपाने लिहिलं आहे की ती खांद्याला लागते. त्यांना हे सगळं माहीत आहे गं, तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. तरी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आत्ता पहिल्यांदा ऐकलं. चपला काढून ते पाण्यात घोट्याएवढे जाऊन उभे राहिले. मी गाडीत बसून राहिले, आणि मला माझे फ्रॉक आठवले. दर ईदला मी शिवून पाठवते. दर वेळी तू लिहितेस, फ्रॉक फार सुंदर, सगळे विचारत होते. अंगाला बसला, असं तू एकदाही लिहिलेलं नाहीस. मी त्यांना कसली हसत होते? कागदाने लोखंडाचं माप घेणारी बाई, आणि आपल्या मुलीचं माप सहा वर्षं सत्तावन्न सालचं धरून बसलेली. तू पाठवलेल्या फोटोत ती खुर्चीत बसलेली आहे. बसलेल्या पोरीची उंची कळत नाही, असं मी स्वतःला समजावते.

आता ते लिहिते जे कधी लिहिलं नाही. गोवरातून नुकती उठलेली पोर, बोटीचा प्रवास तिला झेपणार नाही, वर्षभराने न्यायची, हे सगळं खरं होतं. पण जाताना मी तिला झोपेत सोडून गेले. बायका म्हणाल्या, जागी असली तर रडेल, तुझा पाय निघणार नाही, झोपली आहे तोवर जा. मी तिची मूठ माझ्या बोटावरून सोडवली आणि पडावात जाऊन बसले. उठल्यावर तिने काय केलं, किती दिवस मला शोधलं, हे तू मला कधी कळवलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. पहिली रजा मिळाली तेव्हा मी दिवसांत होते, ते मूल राहिलं नाही, मी महिनाभर अंथरुणात. एकसष्टला इराकची फौज येते की काय म्हणून सगळ्यांच्याच रजा रद्द झाल्या. या वर्षी तसं काही नव्हतं. या वर्षी आम्ही मागितलीच नाही. ती तुझ्या पदराआडून आमच्याकडे कशी बघेल, याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

आणि तुझ्या पत्रातली ती चिठ्ठी, असमाच्या हातची. ‘कुवेतच्या अम्मीला सलाम. मी आणि अम्मा ठीक आहोत.’ त्या अम्मा शब्दावर तू शाई सांडलीस. मला वाईट वाटू नये म्हणून. माझ्या वेडे, शाईखालचा शब्द उजेडाला धरला की दिसतो. मी तो कितीदा तरी धरून बघितला. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुझा आला, मग माझा. मग एकदा चिठ्ठी खिडकीत धरलेली असताना मनात आलं, तिच्या तापात रात्री कोण बसलं, तिच्या वेण्या कोण घालतं, पहिली अलिफ कोणी गिरवून घेतली. शाई सांडायची तुला काही गरज नव्हती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: असमाला पाठवू नकोस. तिची कापडं बांधू नकोस, शाळेतून नाव काढू नकोस, तिला काही सांगूही नकोस. ज्या बोटीने रियाजची बायको इकडे येईल, त्याच बोटीने परतीला मी येते आहे. एकटी, असमाचे अब्बा रजा मिळेल तेव्हा येतील. न्यायला येत नाही, राहायला येते आहे, तू ठेवशील तेवढे महिने. चुलीपुढे मला जागा दे, धुणं माझ्याकडे दे, आणि तिच्या वेण्या तूच घाल, मी शेजारी बसून बघेन. बंदरावर तिला माझ्याकडे ढकलू नकोस. ती लांब उभी राहिली तर राहू दे. गावातल्या बायका सांगायला पुढे येतीलच, की बघ गं, ही तुझी खरी अम्मी. त्यांच्या आधी तू तिला सांग, ही माझी धाकटी बहीण आहे, आपल्याकडे राहायला आली आहे. तेही खरंच आहे ना, आपा?

तुझीच,
आमिना